मिनेसोटा स्टेट फेअरचा शेवटचा दिवस: सकाळच्या गोठ्यापासून रात्रीच्या बसपर्यंत

मिनेसोटा स्टेट फेअर, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची दरवर्षीची मोठी जत्रा, बारा दिवस चालतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, संपतो. ट्विन सिटीजमधल्या (मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतल्या) आपल्या बऱ्याच मराठी घरांत 'जाऊ या, जाऊ या' म्हणता म्हणता हाच एक दिवस हातात उरतो. आधीचे शनिवार-रविवार कुणाच्या वाढदिवसात नाहीतर गणपतीच्या तयारीत गेलेले असतात. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, आता शेवटच्या दिवशी काय जायचं, लोक आवराआवर करत असतील.

मला मात्र हाच दिवस सगळ्यात जास्त आवडतो. पहिल्या दिवशी गेलात तर बरंच काही अजून व्हायचं असतं. बाराव्या दिवसापर्यंत सगळं परीक्षण आटोपलेलं असतं. कोणाच्या भोपळ्याला, कोणाच्या गोधडीला, कोणाच्या लोणच्याला बक्षिसाची फीत मिळाली ते प्रत्येक वस्तूला लटकत असतं. लोण्याचे चेहरे कोरून झालेले असतात. राज्यभरातल्या लोकांनी वर्षभर राबून जे केलं ते एकाच दिवशी, एकाच जागी, निकालासकट बघायला मिळतं. त्यात हा दिवस त्याआधीच्या शनिवारपेक्षा बहुधा मोकळा असतो. एका दिवसातल्या गर्दीचा उच्चांक, २ लाख ७० हजार ४२६ माणसं, १ सप्टेंबर २०१८ ला झाला आणि तो शनिवार होता.

अट एकच. दिवस नीट आखायला हवा, कारण तो लवकर संपतो. खाली दिलेला क्रम आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं दोघंही बरोबर आहेत असं धरून लिहिला आहे. नुसती तरुण मंडळी असतील तर वेग वाढवा, पण क्रम हाच ठेवा.

आधी वेळेचं गणित

एरवी फेअर रात्री ११ पर्यंत चालतो. लेबर डेला मैदान ९ वाजता बंद होतं आणि प्रदर्शनाच्या इमारती ८ वाजता. दारं सकाळी ७ ला उघडतात, इमारती ९ ला. निघण्यापूर्वी त्या वर्षाच्या वेळा फेअरच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा बघून घ्या, थोडाफार फरक होऊ शकतो.

यातून दिवसाचा मुख्य नियम निघतो: जे आधी आवरलं जाणार ते आधी बघायचं. म्हणून पहिल्यांदा जनावरं, मग इमारती, दुपारनंतर खरेदी, संध्याकाळी पाळणे आणि अगदी शेवटी कुकीज. बहुतेक जण दारातून आत शिरताच समोर दिसेल ते तळलेलं खायला लागतात, अकरापर्यंत पोट जड होतं आणि इमारतींमध्ये पाय ओढत फिरावं लागतं. खाणं कुठे पळून जात नाही, ते शेवटपर्यंत मिळतं. रिकामा झालेला गोठा मात्र परत भरत नाही.

दुसरी गोष्ट शाळेची. मिनेसोटात शाळा सहसा लेबर डेनंतरच भरतात, राज्याच्या कायद्यातच तशी तरतूद आहे (तिला अपवादही केले जातात, म्हणून आपल्या शाळेची तारीख बघून घ्या) आणि तिच्यामागे हा फेअर हेही एक कारण आहे. बऱ्याच मुलांच्या शाळेचा पहिला दिवस मंगळवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी असतो. दप्तर, डबा, कपडे रविवारी रात्रीच तयार ठेवा, म्हणजे सोमवारी संध्याकाळी घाई होणार नाही.

रविवारी करायची कामं

तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. २०२५ मध्ये मोठ्यांना दारावर २० डॉलर पडत होते, ५ ते १२ वर्षांची मुलं आणि ६५ च्या पुढचे ज्येष्ठ यांना १८, आणि ४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत. काही ठरावीक दिवशी सवलती असतात, तुमच्या वर्षी लेबर डेला काही आहे का ते बघा. भारतातून आलेल्या आई-बाबांचं वय दाखवायला पासपोर्टचा फोटो फोनमध्ये असलेला बरा.

'ब्लू रिबन बार्गेन बुक' नावाचं कूपनांचं पुस्तक मिळतं. ते एकाच दिवसासाठी विकत घेण्यात फारसा अर्थ नाही. पण फेअरला आधी जाऊन आलेल्या मित्राकडे अर्धं वापरलेलं पडून असेल तर जरूर मागून घ्या. फेअर संपला की ती कूपनं कोणाच्याच कामाची नसतात.

पिशवीत काय घ्यावं? पाण्याच्या रिकाम्या बाटल्या (आत भरून घेता येतात), टोपी, सनस्क्रीन, पायाला लावायच्या पट्ट्या, औषधं आणि प्रत्येकी एक पातळ स्वेटर. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे दुपार पंचवीस अंशांच्या आसपास असते, पण सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळला की हवा पटकन गार होते. आई-बाबांना ते दुपारी पटत नाही, म्हणून त्यांचे स्वेटर तुम्हीच पिशवीत टाका. बूट जुने, पायात रुळलेले असावेत. मैदान ३२२ एकरांचं आहे आणि त्यातलं बरंचसं डांबरी.

घरचं खाणं आत नेता येतं. ही गोष्ट आपल्याकडे अनेकांना माहीतच नसते. गणपतीचे दिवस असतील, घरात कोणी कांदा-लसूण खात नसेल, कोणाला मधुमेह असेल, तर धपाटे आणि दही किंवा नुसती पोळी-भाजी बरोबर घ्या. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला आणि लेबर डे १ सप्टेंबरला होता. २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला येते आणि लेबर डे ६ ला. म्हणजे हा प्रश्न अधूनमधून येणारच. दारावर पिशव्या तपासतात, तेव्हा डबा वरच ठेवा.

लहान मुलांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला पेनने तुमचा फोन नंबर लिहा. आजी-आजोबांच्या खिशातही नंबराची चिठ्ठी असू द्या, कारण त्यांच्या फोनला इथलं नेटवर्क असेलच असं नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते सगळ्यांसमोर ठरवा. उंच स्पेस टॉवर त्यासाठी सगळ्यात सोपा, तो बराच लांबूनही दिसतो.

पोचायचं कसं

मैदान फाल्कन हाइट्समध्ये आहे, मिनिआपोलिस आणि सेंट पॉल यांच्या मधोमध. गाडी थेट मैदानापर्यंत नेऊ नका. तिथलं पार्किंग पैसे देऊन मिळतं आणि सकाळीच भरतं. रात्री सगळे एकदम निघतात तेव्हा बाहेर पडायलाही वेळ लागतो, आणि शेवटच्या रात्री त्यात दुकानदारांचे ट्रकही असतात.

आसपास ठिकठिकाणी फेअरची मोफत पार्क अँड राइड असते, गाडी ठेवायची आणि मोफत बसने दारापर्यंत यायचं. उपनगरांतून एक्स्प्रेस बसही सुटतात, त्यांना तिकीट असतं. लाइट रेलच्या जवळ राहत असाल तर ग्रीन लाइनने स्नेलिंग अव्हेन्यूला उतरून ए लाइन बस घ्या, ती स्नेलिंगवरूनच फेअरला जाते. ब्लू लाइनवाल्यांना हीच बस फॉर्टीसिक्स्थ स्ट्रीट स्टेशनवर मिळते. सायकलने येणाऱ्यांसाठी दारांजवळ मोफत सायकलतळ आहेत.

बस कुठलीही घ्या, उतरल्यावर त्या थांब्याचा आणि परतीच्या शेवटच्या बसच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. लेबर डेला त्या वेळाही लवकरच्या असू शकतात.

चालायला त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर व्हीलचेअर किंवा स्कूटर भाड्याने मिळते. ती सकाळी पोचल्या पोचल्याच घ्या, आई 'मला नको, मी चालते' म्हणाली तरीही घ्या. खुर्चीत पिशव्या ठेवता येतात आणि तीन वाजता तीच आई आपणहून बसते.

सकाळी आठ: गोठे

इमारती ९ ला उघडतात, पण गोठ्यांमध्ये त्याआधीच दिवस सुरू झालेला असतो. मैदानाच्या दक्षिणेकडच्या जडसन अव्हेन्यूला जा. गाई, घोडे, मेंढ्या, डुकरं यांच्या वेगवेगळ्या इमारती आहेत. बारा दिवसांत जनावरं टप्प्याटप्प्याने येतात आणि जातात, त्यामुळे शेवटच्या दिवशी काही कप्पे रिकामे दिसतील. त्या दिवशी कोणत्या गोठ्यात काय आहे हे दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत दिलेलं असतं, बसमध्ये बसल्या बसल्या ते वाचा.

इथे थोडा वेळ रेंगाळा. गाईला आंघोळ घालून, ब्लोअरने वाळवून, शेपटीचा गोंडा विंचरणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं दिसतील. त्यांना प्रश्न विचारले तर ती मनापासून उत्तरं देतात: दूध किती देते, खाते काय, नाव कोणी ठेवलं. ज्या आजोबांचं बालपण गावाकडे गेलं त्यांना इथे दुभाषा लागत नाही. हाताने कास दाखवून, बोटं मोजून बोलणं होतं. जनावराला हात लावण्याआधी मात्र मालकाला विचारा, आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवा. दारापाशी त्यासाठी सोय असते.

डुकरांच्या गोठ्यात राज्यातला सगळ्यात मोठा नर डुक्कर ठेवलेला असतो. त्याचं वजन हजार पौंडांच्या पुढे, म्हणजे साडेचारशे किलोंहून जास्त असतं. मुलांना तो बघायचा असतोच. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो.

तिथून मिरॅकल ऑफ बर्थ सेंटर. वासरं, कोकरं, पिल्लं इथे लोकांच्या समोर जन्मतात. तुम्ही गेलात त्याच वेळी काही घडेल याची खात्री नाही, पण एक-दोन दिवसांची पिल्लं नक्की दिसतात आणि पशुवैद्यकीय विद्यार्थी सगळं समजावून सांगतात. लहान मुलाला जन्म बघून भीती वाटू शकते, आत जाण्याआधी त्याला काय दिसेल ते सांगून ठेवा.

लोण्याचे चेहरे

डेअरी बिल्डिंग उघडली की लगेच आत जा, दुपारी तिथे रांग असते. दरवर्षी राज्यातल्या दुग्धव्यवसायाची प्रतिनिधी म्हणून 'प्रिन्सेस के ऑफ द मिल्की वे' निवडतात. ती आणि इतर अंतिम स्पर्धक मुली यांचे चेहरे लोण्यात कोरतात, १९६५ पासून. प्रत्येकीसाठी ९० पौंडांचा, म्हणजे जवळपास ४१ किलोंचा, खारवलेल्या लोण्याचा ठोकळा असतो.

कोरण्याची जागा म्हणजे काचेची खोली. ती हळूहळू फिरत राहते आणि आतलं तापमान चार-पाच अंशांवर असतं. मुलगी जाड जॅकेट घालून तासन्‌तास समोर बसते आणि शिल्पकार तिच्याकडे बघत तारेने, सुरीने लोणी काढत जातो. लिंडा ख्रिस्टेन्सन यांनी हे काम पन्नास वर्षं केलं, २०२१ मध्ये त्या थांबल्या आणि पुढच्या वर्षापासून ते गेरी कुल्झर यांच्याकडे आलं. एका चेहऱ्याला सहा ते आठ तास लागतात.

शेवटच्या दिवशी इथे यायचं ते तयार चेहरे शेजारी शेजारी बघायला. खोली फिरते, त्यामुळे तुम्ही एका जागी उभे राहिलात तरी सगळे समोरून जातात. ढकलाढकली करायची गरज नाही, एक पूर्ण फेरी होऊ द्या. केसांकडे बघा. चेहरा जमणं अवघड असेलच, पण कानामागून खांद्यावर आलेली बट सुरीच्या टोकाने एकेक रेघ ओढून केलेली असते, आणि ती हललीशी वाटते. फेअरनंतर ज्या-त्या मुलीला आपला चेहरा घरी नेता येतो. काही जणी गावजेवणात मक्याच्या कणसांना ते लोणी लावतात. लोणी वाया जात नाही हे ऐकल्यावर आपल्या आज्यांच्या जिवाला बरं वाटतं.

जवळच वाट्टेल तेवढं दूध पिण्याचा ठेला आहे. एकदा थोडे पैसे द्यायचे, मग साधं किंवा चॉकलेटचं, हवं तितक्या वेळा ग्लास भरून घ्यायचा. सकाळीच प्या. तळलेलं खाल्ल्यावर त्याच्या वाटेला जाऊ नका.

बियांची चित्रं: इथे घाई नको

यानंतर ॲग्रिकल्चर-हॉर्टिकल्चर बिल्डिंग. माझ्या मते अख्ख्या फेअरमधली ही सगळ्यात मोलाची जागा आहे. एकाच गोष्टीला भरपूर वेळ द्यायचा असेल तर इथे द्या.

बियांच्या चित्रांची स्पर्धा, तिला सगळे क्रॉप आर्ट म्हणतात, इथे १९६५ पासून चालू आहे. फळीवर बी एकेक करून चिकटवून चित्र करायचं. मिनेसोटात पिकू शकणाऱ्या पिकांचंच बी चालतं. ओवाटोना गावच्या लिलियन कोल्टन यांनी या प्रकारात व्यक्तिचित्रं करून त्याला नाव मिळवून दिलं. आपल्याकडे धान्याची रांगोळी घालतात, शेतात पेरणी करून मोठी चित्रं उमटवतात, त्यामुळे कल्पना परकी वाटत नाही. पण इथलं चित्र फार जवळून बघायचं असतं.

दोन पावलं मागून गालावरची सावली दिसते. नाक काचेला लागेल इतकं जवळ गेलात की ती सावली म्हणजे फिकट जवस, त्याच्या कडेला गडद जवस आणि मधे मोहरीचे दाणे, असं उलगडतं. काही जण बी रंगवतात, काही जण नैसर्गिक रंगाचंच वापरतात, आणि त्यांचे स्पर्धेत वेगवेगळे गट असतात. चित्राच्या कडेला कोणकोणतं बी वापरलं त्याचा नमुना आणि यादी लावलेली असते. मुलांना हा खेळ द्या: आधी चित्रात ओळखा, मग यादीत शोधा. आजीकडे चष्मा असेलच, छोटं भिंग असेल तर तेही न्या.

शेवटच्या दिवशीही इथे रांग लागते, आणि ती सावकाश सरकते, कारण प्रत्येकजण थांबून बघतो. सकाळी दहाच्या आत गेलात तर बरं.

त्याच इमारतीत राक्षसी भोपळे, सफरचंदं, बटाटे, फुलं आणि मध आहे. मधाच्या विभागात मधाचं आइस्क्रीम मिळतं. त्यात अतिशयोक्ती न करता सांगतो, साखरेच्या आइस्क्रीमपेक्षा ते मला फार सरस वाटतं.

जेवण, विशेषतः शाकाहारी मंडळींचं

साडेअकराला जेवून घ्या, साडेबाराला सगळीकडे झुंबड असते. एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी बाक पकडायचा. प्रत्येक पदार्थ एकच घेऊन वाटून खा.

भाजलेलं मक्याचं कणीस पहिल्या क्रमांकावर. साल मागे ओढून तिचीच मूठ करतात, कणीस वितळलेल्या लोण्यात बुडवून हातात देतात. लोणी नको असेल तर आधीच सांगा. लिंबू-तिखट तुमच्या पिशवीत असेल तर तिथल्या तिथे चोळून घ्या, शेजारचे लोक विचारतील काय आहे ते, त्यांनाही द्या.

चीज कर्ड्‌स म्हणजे ताज्या चीजचे तळलेले गोळे. गरम असतानाच खायचे, गार झाले की रबर होतात. चीजमध्ये रेनेट (दूध घट्ट करायला घालतात तो पदार्थ, कधी जनावराच्या जठरातून काढलेला) कुठलं आहे हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी ठेल्यावर विचारावं, आणि उत्तर गुळमुळीत मिळालं तर सोडून द्यावं. तळणाचं तेल मांसाच्या पदार्थांसाठीही वापरतात का, हेही विचारा. हा प्रश्न त्यांना नवीन नाही, ते नीट सांगतात. प्रॉन्टो पप १९४७ पासून इथे विकतात आणि काठीवर असल्यामुळे मुलं तोच मागतात, पण आत मांसाचं सॉसेज असतं. काठीवरचं काहीही आत काय आहे हे विचारल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका. इंटरनॅशनल बझारमध्ये होली लँड या ठेल्याचा फलाफल (हरभऱ्याचे तळलेले वडे) मिळतो, पोटभरीचं शाकाहारी जेवण म्हणून तो चांगला. छोटे डोनट आणि फ्रेंच फ्राइज मुलांना आवडतात, पण डोनटमध्ये अंडं आहे का आणि तळणाचं तेल कुठलं, हे आधी विचारा.

मांसाहारी असाल आणि बसून जेवायचं असेल तर हॅमलाइन चर्चचं भोजनगृह बघा. ते १८९७ पासून चालू आहे आणि टेबल-खुर्चीवर बसून ताटातलं जेवण मिळतं.

दुपार: मिरवणूक, गोधड्या, खरेदी

रोज दुपारी २ वाजता मिरवणूक निघते. शाळांची बँडपथकं, सजवलेल्या गाड्या, प्रिन्सेस के. पावणेदोनला सावली बघून रस्त्याच्या कडेला बसा, आई-बाबांना तेवढीच विश्रांती. जवळचा डॅन पॅच अव्हेन्यू हा रस्ता एका घोड्याच्या नावाचा आहे. डॅन पॅचने १९०६ मध्ये याच फेअरच्या ट्रॅकवर एक मैल १ मिनिट ५५ सेकंदांत पार केला होता.

मिरवणूक संपली की क्रिएटिव्ह ॲक्टिव्हिटीज बिल्डिंग. गोधड्या, विणकाम, लाकूडकाम, केक, जॅम, लोणची. अमेरिकेत निळी फीत पहिल्या क्रमांकाची आणि लाल दुसऱ्या क्रमांकाची, हे बरोबरच्या पाहुण्यांना आधीच सांगा, नाहीतर उलटा समज होतो. गोधडी बघताना लांबून नक्षी बघून पुढे जाऊ नका. टाके बघा. हाताने घातलेल्या टाक्यांच्या रांगा सरळ जाऊन वळणावर कशा दाट होतात ते बघितलं की फीत का मिळाली ते कळतं. फाइन आर्ट्सचं प्रदर्शनही चांगलं असतं, पाय साथ देत असतील तर बघा.

आता खरेदी. ग्रँडस्टँडच्या इमारतीत आणि आसपास सुऱ्या, भांडी, पोछे, शेगड्या असं सगळं विकणारे असतात. चार-साडेचारनंतर भाव सैल होतात, कारण प्रात्यक्षिकासाठी मांडलेला माल परत वाहून न्यायला कोणालाच नको असतो. मांडलेला नमुना कमी किमतीत देता का, असं सरळ विचारा. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: वॉरंटी नव्या मालाइतकीच आहे का, पावतीवर विक्रेत्याचा पत्ता आहे का, आणि ती वस्तू बसमध्ये नेता येईल का. हाताने वस्तू करून विकणाऱ्यांकडे मात्र घासाघीस करू नका. त्यांचा माल पुढच्या आठवड्यातही त्याच किमतीचा असतो, आणि त्यांनी बारा दिवस उभं राहून जागेचं भाडं भरलेलं असतं.

संध्याकाळ

पाच वाजता एकदा बसून हिशेब घ्या: कोण थकलंय, किती वाजता निघायचं. मंगळवारी ज्यांची शाळा आहे ती मुलं सातच्या बसला लागलेली बरी. मोठ्यांना थांबायचं असेल तर दोन गट करा.

पाळण्यांची तिकिटं आज मोजूनच घ्या, मोठा गठ्ठा नको. आजी-आजोबांबरोबर ये ओल्ड मिल घ्या. १९१५ पासूनची, इथली सगळ्यात जुनी राइड. लाकडी नाव अंधाऱ्या बोगद्यातून पाण्यावरून हळूहळू जाते, झटके नाहीत. नावेत चढताना-उतरताना मात्र हात धरा. स्पेस टॉवर १९६५ चा आहे. फिरत वर जातो आणि मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या दोन्ही शहरांच्या उंच इमारती दिसतात. सूर्यास्ताच्या वेळी तिथे रांग वाढते, सात वाजता रांगेत लागा.

हा फेअर १८५९ मध्ये सुरू झाला आणि १८८५ पासून या जागी भरतो. यादवी युद्ध आणि डकोटा लोकांबरोबरचा संघर्ष यांमुळे १८६१ आणि १८६२, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनामुळे १८९३, महायुद्धातल्या इंधनटंचाईमुळे १९४५, पोलिओमुळे १९४६ आणि कोविडमुळे २०२० एवढीच वर्षं तो भरला नाही. थिओडोर रूझवेल्ट उपाध्यक्ष असताना २ सप्टेंबर १९०१ ला इथेच बोलले होते आणि बाराव्या दिवशी ते राष्ट्राध्यक्ष झाले. मुलांना टॉवरच्या रांगेत हे सांगायला वेळ असतो.

साडेसातला स्वीट मार्थाज कुकीजची रांग धरा. १९७९ पासूनचा हा ठेला. बादलीत चारेक डझन गरम चॉकलेट चिप कुकीज शिगोशीग भरून देतात. वरच्या कुकीज झाकण लागत नाही म्हणून तिथेच खाव्या लागतात. त्या मऊ असतात, बादली आडवी धरली तर खालच्यांचा लगदा होतो, म्हणून बादली एकाच जबाबदार माणसाच्या हातात द्या. शेवटच्या दिवशी काही ठेल्यांवर माल संपतो, साडेआठपर्यंत वाट बघू नका.

साडेआठला दाराकडे निघा. व्हीलचेअर परत करा, अनामत रक्कम घ्या, माणसं मोजा. नऊनंतर रस्त्यावर ट्रक यायला लागतात आणि ठेल्यांचे तंबू उतरायला लागतात, मुलांना घेऊन तिथे थांबू नये.

घरी आल्यावर

उरलेल्या कुकीज गार झाल्या की पाच-सहाच्या पाकिटांत घालून फ्रीझरमध्ये टाका. डब्यासाठी आयत्याच होतात. काही हरवलं असेल तर दुसऱ्याच दिवशी फेअरच्या हरवले-सापडले विभागाकडे चौकशी करा.

आणि एक काम वसंतासाठी लिहून ठेवा. क्रिएटिव्ह ॲक्टिव्हिटीज आणि क्रॉप आर्टच्या स्पर्धा मिनेसोटात राहणाऱ्या कोणालाही खुल्या आहेत. पुढच्या वर्षाचे गट आणि नियम वसंतात जाहीर होतात, नावनोंदणीची मुदत उन्हाळ्यात असते. आपल्याकडे किती जणी सुरेख भरतकाम करतात, गोधड्या शिवतात, लोणची घालतात. लोणच्या-मुरांब्यांसाठी नियम कडक आहेत: पाककृती सुरक्षिततेच्या दृष्टीने तपासलेली हवी आणि बरणी ठरावीक पद्धतीने बंद केलेली हवी, त्यामुळे आईच्या पद्धतीचं तेलातलं लोणचं जसंच्या तसं बहुधा बसणार नाही. सुरुवात भरतकामाने किंवा बियांच्या चित्राने करा. क्रॉप आर्टमध्ये नवख्यांसाठी वेगळा गट असतो. ज्वारी, मोहरी, जवस गोळा करायला घ्या, आणि कोणतं बी चालतं ते नियमांत बघूनच फळीला गोंद लावा.